ठिपक्यांची उत्तरपत्रिका

परीक्षेच्या खोलीत पर्यवेक्षक नेमकं काय करतो, असं कुणी विचारलं तर मी सांगतो, काही नाही. बसायचं नाही, वाचायचं नाही, मोबाईल बाहेर ठेवायचा, कुणाशी बोलायचं नाही आणि डोळे उघडे ठेवून नुसतं उभं राहायचं. ऐकायला सोपं वाटतं. एकदा करून बघा. पाय बोलायला लागतात, भिंतीवरच्या सुविचाराची वेलांटी चुकलेली दिसते आणि ती पुसायलाही जाता येत नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तर होतो. सोलापुरात घर, दक्षिण तालुक्यात शाळा, आणि मध्ये एसटी. शिकवलं बरं, असं माझे विद्यार्थी म्हणतात. पण आमच्या भागात माझी ओळख शिकवण्याबद्दल नव्हती. मला सगळे 'फौजदार' म्हणायचे, ते पर्यवेक्षणामुळे. माझ्या खोलीत कॉपी होत नाही, अशी ख्याती होती आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची.

गिऱ्हाइकं तरी काय एकेक! एका पालकाने डोक्याला टोपी घालून पाणी वाटणारा शिपाई म्हणून प्रवेश मिळवला होता. दर पेल्याबरोबर तो पोराच्या कानात एक उत्तर सोडायचा. पोराला इतकं पाणी प्यावं लागलं की शेवटी उत्तरं टाकून ते बाहेर पळालं. एकदा एक मुलगा पेपर अर्धा टाकून गाढ झोपला. झोपलेल्या परीक्षार्थीला उठवावं की नाही, हे सूचनापुस्तिकेत कुठंही नाही. मी त्याच्या बाकाजवळ हातातला डस्टर पाडला. डस्टर निसटायला नियमाने बंदी नाही.

आणि एक आमचेच बंधू होते, शेजारच्या केंद्रातले शिक्षक. त्यांच्या शाळेची मुलं माझ्या खोलीत होती आणि हे बाहेर व्हरांड्यात खोकत होते. एकदा खोकले की पहिला पर्याय, दोनदा खोकले की दुसरा. चौथ्या पर्यायाला गृहस्थांना खराच ठसका लागला आणि माझं लक्ष गेलं. मी लेखी कळवलं. त्यांची चौकशी झाली, बदली झाली. त्यानंतर बरेच दिवस मीटिंगला गेलो की माझ्या शेजारची खुर्ची रिकामी राहायची. मी केलं ते बरोबरच होतं, आजही तसंच म्हणेन. पण खुर्ची रिकामी राहायची, हेही खरं.

हे सगळं आधी सांगितलं, कारण बिराजदार बाईंची रेणुका माझ्या खोलीत आली तेव्हा मी हा असा माणूस होतो.

बाहेरच्या लोकांना ठाऊक नसेल, म्हणून सांगतो. आमच्याकडे दर महिन्याला शिक्षण परिषद भरते. दहा-बारा शाळांचं एक केंद्र असतं. दर वेळी वेगळी शाळा यजमान होते, सगळे शिक्षक तिथं जमतात, एक नमुना पाठ होतो, मग चर्चा, मग जेवण. काही जण जेवणापासूनच उत्साहाने भाग घेतात. एका महिन्यात परिषद वळसंगच्या पुढच्या एका वस्तीवर होती. माळावर दोन खोल्यांची शाळा. एका खोलीचे पत्रे गळायचे, म्हणून तिच्यात खिचडीच्या तांदळाची पोती आणि मोडके बाक. उरलेल्या एका खोलीत पहिली ते पाचवी. मंजूर शिक्षक दोन, पण दुसरे कायम कसल्या ना कसल्या सरकारी कामावर. म्हणजे शाळा एकट्या बिराजदार बाईंची.

बाई वळसंगहून स्कूटीवर यायच्या. मूळ अक्कलकोटकडच्या, कन्नड आणि मराठी दोन्ही सारख्याच वेगाने बोलायच्या. फळा अपुरा म्हणून त्यांनी खोलीच्या चारही भिंती कमरेपर्यंत काळ्या रंगवून घेतल्या होत्या. एकेका भिंतीला एकेक इयत्ता तोंड करून बसायची, आणि पाचवी मध्ये. शाळा सुटली की पाचवीचा आणखी एक वर्ग. रविवारीसुद्धा.

तो वर्ग एका परीक्षेसाठी होता. जिल्ह्यात एक सरकारी निवासी शाळा आहे. पाचवीतल्या मुलांची परीक्षा घेऊन तिथं प्रवेश देतात. लागला नंबर की बारावीपर्यंत राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथंच. उत्तरं लिहायची नसतात. प्रत्येक प्रश्नाचे चार पर्याय आणि उत्तरपत्रिकेवर चार गोल. बरोबर गोल पेनाने पूर्ण काळा करायचा. पुढे ती पत्रिका मशीन तपासतं. एकदा भरलेला गोल पुसता येत नाही.

आता सरावाला अशा उत्तरपत्रिका लागतात, आणि बाईंकडे सोलापुरातून आणलेल्या मूठभर झेरॉक्स होत्या. म्हणून त्यांनी एक पद्धत बसवली होती, आणि नमुना पाठात आम्हाला तीच दाखवली. पोरं उत्तराच्या गोलात पेन्सिलीने नुसता बारीक ठिपका द्यायची. मग चर्चा व्हायची. चुकलेला ठिपका खोडायचा, दुसरीकडे द्यायचा. तास संपला की सगळे ठिपके खोडून तोच कागद दुसऱ्या दिवशी परत. खोडून खोडून कागदाला लव आली होती. आठवड्यातून एकदाच, शनिवारी, ठिपके देऊन झाल्यावर पोरं हाताची घडी घालून बाईंकडे बघत बसायची. बाई सगळ्यांवरून नजर फिरवायच्या आणि म्हणायच्या, "भरा!"

त्या दिवशी आमच्यासमोरही म्हणाल्या, आणि टकटक करत सगळ्या पेनांची टोपणं एकदम निघाली. एकाही पोराने आधी पेन उघडलं नव्हतं. आम्ही टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांत जोरात बहुतेक मीच. शिस्त म्हटलं की मला राहवत नाही.

पुढच्याच रांगेत एक किडकिडीत मुलगी होती. तिचा ठिपका मोहरीएवढासुद्धा नसेल.

"ही रेणुका," बाई म्हणाल्या. "घरात सगळं कन्नड. पहिलीला आली तेव्हा पाणीसुद्धा मराठीत मागता येत नव्हतं तिला. आता गणितात मला अडवते की!"

तिचे वडील शिवाप्पा परिषदेच्या जेवणाला ताक घेऊन आले होते. दुसऱ्याचा ट्रॅक्टर चालवायचे. पोरगी परीक्षेला बसते का, म्हणून मी विचारलं.

"बसते की. बाईंनी लईच धरलंय," ते म्हणाले. "लागली तर घालतो. न्हाय लागली तर मग बस झालं. हितं पाचवीपातूर शाळा. रोज वळसंगला कोण न्ह्यायचं हिला? मावशी हाय तिची, ल्हान लेकरं हायती. तिकडं ठिवीन."

ते हे सगळं रेणुकासमोरच बोलले. ती द्रोण मांडत होती. मांडत राहिली.

परीक्षेच्या दिवशी केंद्र अक्कलकोट रस्त्यावरच्या एका हायस्कुलात होतं. माझ्या शाळेची मुलं नव्हती, म्हणून मला तिथं नेमलं होतं. गेटवर बिराजदार बाई पाच पोरांना घेऊन उभ्या होत्या. मला बघून पुढं आल्या.

"सर, रेणुका तुमच्याच खोलीत आहे. आठवडाभर तापानं झोपून होती हो. आजच उठली. शेवटच्या दिवशीच्या वर्गाला ती..."

"बाई," मी म्हणालो, "माझ्या खोलीत कोण आहे, हे मला सांगायचं नाही."

त्या ओशाळल्या. मी आत गेलो.

सीलबंद पाकीट दोन मुलांच्या सह्या घेऊन फोडलं, पेपर वाटले, छापील सूचना मोठ्याने वाचल्या. गोल पूर्ण काळा करावा, हीसुद्धा वाचली. घंटा झाली. पुढचा तासभर तसा नेहमीचाच गेला. कुणी नखं खात होतं, कुणी छताकडे बघून देवाला बोलावत होतं. पोरं प्रश्न सोडवत होती आणि गोल भरत होती. दाराजवळच्या बाकावर रेणुका होती. ओठ फुटलेले, अंगात मोठ्या माणसाचा स्वेटर. ती पेन्सिलीने फक्त ठिपके देत होती. मला त्यात काही वावगं वाटलं नाही. काही मुलं आधी सगळं सोडवतात आणि शेवटी भरतात.

अर्धा तास उरला असेल. रेणुकाने शेवटचं पान उलटलं, परत पहिल्यापासून सगळं तपासलं, पेन्सिल खाली ठेवली, टोपण लावलेलं पेन जवळ घेतलं. हाताची घडी घातली. आणि माझ्याकडे बघायला लागली.

आधी मला कळलंच नाही. पेपर झाला असेल, वर बघत असेल. मी खिडकीकडे गेलो, तिची नजर माझ्यामागे खिडकीकडे आली. मी फळ्याकडे आलो, ती फळ्याकडे आली. चेहरा कसा, तर प्रसादाच्या रांगेत आपला नंबर आला की पोरांचा होतो तसा. मी तिच्या बाकाजवळून गेलो आणि खाली पाहिलं. सगळ्या पत्रिकेवर बारीक ठिपके. एकही गोल भरलेला नाही.

ही पोरगी मी 'भरा' म्हणायची वाट बघत होती.

बाकीच्या चौघांना बाईंनी शेवटच्या वर्गात नक्की सांगितलं असणार की उद्या तिथं कुणी सांगणार नाही, आपलं आपण भरा. ही त्या दिवशी अंथरुणात होती. गेटवर बाई तेच सांगत होत्या आणि मी त्यांना थांबवलं होतं. मी थांबवलं ते नियमाने बरोबर होतं, पण त्या क्षणी मला त्या नियमाचा राग आला.

एक शब्द. दोन अक्षरं. खोकण्यापेक्षाही कमी. पण त्या खोकणाऱ्या गृहस्थाविरुद्ध मी लेखी कळवलं होतं, ते याच कारणासाठी. एका मुलाला खोलीत मदत मिळाली की बाहेरच्या सगळ्यांवर अन्याय होतो, हे मी स्वतः लिहून दिलं होतं. रेणुकाला सांगायचं, तर मग त्यांनी काय वाईट केलं होतं?

नाही, पण तिला उत्तर नको होतं. उत्तरं सगळी तिच्याकडे होती.

छापील सूचना परत वाचाव्यात, असं ठरवलं. दारात केंद्रसंचालक माने सर फेरीवर आले होते. त्यांना हळूच विचारलं.

"सुरुवातीला वाचल्यात ना?" ते म्हणाले. "मग आता मध्येच कशाला? पोरं दचकतील. एखाद्या पालकाने तक्रार केली तर मी काय सांगू? आणि सर, हे तुम्ही विचारताय?"

बरोबर होतं त्यांचं. माझं नाव मलाच आडवं आलं.

मग एक गोष्ट सुचली. पर्यवेक्षकाने आपण होऊन काही सांगायचं नाही, पण परीक्षार्थीने सूचनेबद्दल विचारलं तर उत्तर देता येतं. तिने विचारलं पाहिजे. मी खोलीच्या मध्ये उभा राहिलो आणि म्हणालो, "कुणाला सूचनांबद्दल काही विचारायचं आहे का?"

एकाला पाणी हवं होतं. एकीला बाहेर जायचं होतं. रेणुका हाताची घडी घालून बघत राहिली. बाईंच्या वर्गात त्या वेळी बोलायचं नसतं.

मी परत विचारलं. यावेळी तिच्याकडे बघून. ती हसली. मला धीर देत असावी.

माने सर अजून दारात होते. बाहेर कुणाची तरी मोटारसायकल सुरू झाली आणि लांब गेली. इतक्या वर्षांच्या एसटीने मला थोडं कन्नड शिकवलं आहे, बरंचसं कंडक्टर आणि बाजारकरणींच्या भांडणांतून. तेवढ्यावर मी बोललो, "एनार केळूद ऐतेन?" म्हणजे, काही विचारायचं आहे का. तेच वाक्य, फक्त तिच्या घरातलं.

माने सर तडक आत आले. "काय बोललात? कन्नडमध्ये काय सांगितलंत?"

खोलीतली सगळी डोकी वर झाली. मी उत्तर द्यायच्या आत रेणुका उभी राहिली. घरातली भाषा ऐकून तिची जीभ सुटली असावी. बोलली मात्र मराठीत.

"सर, आमच्या बाई भरा म्हणत्यात, मग आमी भरतो. तुमी अजून म्हणलाच न्हाई की."

दोन-चार पोरं हसली. माने सरांनी तिच्या पत्रिकेवर वाकून पाहिलं. मग सरळ झाले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "सूचनेबद्दल शंका आहे. निरसन करा." आणि व्हरांड्यात निघून गेले.

"बाळ," मी म्हणालो, "इथं कुणी म्हणत नाही. ज्याचं त्याने भरायचं असतं."

"म्हंजे भरू?"

"हो."

तेवढ्यात शेवटच्या दहा मिनिटांची घंटा झाली.

ती भरायला बसली, आणि पुढे जे झालं ते मला बघवत नव्हतं. बाईंनी शिकवलं होतं की गोलाबाहेर शाई गेली तर मशीन धरत नाही. म्हणून ती एकेक गोल रांगोळी भरावी तसा भरत होती. आधी कड, मग आत, मग पेन उचलून बघायचं. मला ओरडावंसं वाटत होतं, पोरी, नुसतं गिरगट! मी दुसऱ्या टोकाला जाऊन उभा राहिलो. तिथूनही मला तिच्या पेनाचं टोकच दिसत होतं.

शेवटची घंटा झाली. मला म्हणावंच लागतं. मी म्हणालो, "पेन खाली."

आणि आयुष्यात पहिल्यांदा मी पत्रिका गोळा करायला दारापासून सुरुवात न करता खिडकीकडून केली. कुठून सुरुवात करावी, हे पुस्तिकेत नाही. एकेक पत्रिका घेतली, क्रमांक जुळवला, सावकाश. माझी पाठ फिरली की मागे निम्मा वर्ग सराईतपणे भरतोय, हे मला ऐकू येत होतं. फौजदार त्या दिवशी बहिरा होता.

दाराजवळ पोचलो. रेणुकाच्या पेनाला टोपण लावलेलं, पेन पत्रिकेच्या शेजारी सरळ ठेवलेलं, हाताची घडी. शेवटच्या भागातले ठिपके तसेच होते.

"राहिलं?" मी विचारलं.

"व्हय सर. पण तुमी पेन खाली म्हणला."

मी पत्रिका उचलली.

गेटवर बाईंना सगळं सांगितलं. आता सांगायला हरकत नव्हती. त्या ऐकता ऐकता स्कूटीच्या पायरीवरच टेकल्या.

"शुक्रवारी सगळ्यांना सांगितलं होतं सर. तीनतीनदा. ही नव्हती," त्या म्हणाल्या. जरा वेळाने म्हणाल्या, "कागद वाचवायला गेले हो मी. आणि लेकराला वाट बघायला शिकवून बसले."

रेणुका शेजारी उभी राहून पेरू खात होती. तिला पेपर सोपा गेला होता.

निकाल लागेपर्यंत बाई हातावर हात ठेवून बसल्या नाहीत. सहावीची पुस्तकं मिळवली, आणि नंबर नाही लागला तरी पोरगी मावशीकडे जाणार नाही, मी स्कूटीवर तिला वळसंगला नेईन-आणीन, असं शिवाप्पाला बजावून आल्या. पाचवीला आता कुणी 'भरा' म्हणत नव्हतं. पुढच्या परिषदेत बाई सगळ्या शिक्षकांसमोर उभ्या राहिल्या आणि आपलं काय चुकलं ते न अडखळता सांगितलं. आम्ही ज्या पद्धतीला टाळ्या वाजवल्या होत्या, तिच्याबद्दल. यावेळी कुणाच्या टाळ्या वाजल्या नाहीत. मी उठून त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर जाऊन बसलो.

मग एक दिवस दुपारी बाईंचा फोन आला. बोलताच येत नव्हतं त्यांना. मी म्हटलं, "बाई, जाऊ द्या. तुम्ही केलं ते कमी नाही." त्यावर हुंदका देऊन त्या ओरडल्या, "अहो सर, लागली! लागली की हो!" जेवढे गोल भरले होते, तेवढ्यांवर.

प्रवेशाच्या दिवशी दुसरे शिक्षक निवडणुकीच्या कामाला. बाई गेल्या तर शाळेला कुलूप. शिवाप्पाला ऑफिस म्हटलं की घाम फुटायचा. म्हणून बाईंनी मला गळ घातली आणि मी त्या दोघांबरोबर गेलो. निवासी शाळेच्या फाटकापाशी तीसेक मुलं आपापल्या पेट्या घेऊन उभी होती. कुणी आईच्या पदराला धरून, कुणी बापाच्या बोटाला. आतून कुणी हाक मारत नव्हतं. सगळी वाट बघत होती. शिवाप्पा पेटी डोक्यावर घेऊन उगाच इकडं तिकडं करत होता.

रेणुकाने थोडा वेळ फाटकाकडे बघितलं. मग बापाच्या डोक्यावरची पेटी उतरवून घेतली, दोन्ही हातांनी पोटाशी धरली, आणि फाटक खांद्याने ढकलून आत निघाली. मग एकेक करत बाकीची मुलं तिच्यामागे गेली.

मी बाजूला जाऊन बाईंना फोन लावला. मागे पोरांचा पाढा चालू होता, सतराचा.

"गेली आत," मी म्हणालो.

"रडली?"

"नाही."

"मागं बघितलं का हो?"

"नाही बाई. कुणी बोलवायच्या आधीच गेली."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "लई बरं झालं सर."

फोन त्यांनी ठेवला नाही. सतराचा पाढा मध्येच थांबला, आणि एका बारक्या पोराचा आवाज आला, "बाई, का रडताय?"